आई-बाबा गमावलेल्या मुलांचं निवासी शिबिर: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

आई किंवा वडील वारलेल्या मुलांसाठी शिबिर घ्यायचं ठरलं की पहिली बैठक हॉल, जेवण आणि उद्घाटनाचे पाहुणे यांवरच संपते. मग तीन दिवसांत एक तर नुसती सहल होते आणि मुलं ज्या कारणासाठी आली त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, किंवा शेवटच्या रात्री कुणीतरी माईकवर आईची कविता म्हणतं, सगळी मुलं हमसून रडतात आणि सकाळी एसटीत बसून घरी जातात. दोन्हींत हेतू चांगलाच असतो. तरी मूल आलं होतं त्यापेक्षा जास्त एकटं होऊन परत जातं.

कोविडनंतर आणि शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात असं शिबिर घ्यावं असं अनेक संस्थांना, शिक्षकांना वाटतं. त्यांच्यासाठी दोन रात्री, तीन दिवसांच्या शिबिराची ही पद्धत आहे. यात क्रमाला सर्वांत जास्त महत्त्व आहे. तेच खेळ आणि तेच उपक्रम चुकीच्या वेळी घेतले तर त्रास देतात.

## टप्पा १: कोणाला बोलवायचं, कधी बोलवायचं

पहिल्या शिबिराला २४ मुलं पुरे. वयोगट तीन करा: ७ ते १०, ११ ते १३ आणि १४ ते १७. सात वर्षांखालच्या मुलांना निवासी शिबिर नको. त्यांच्यासाठी आई किंवा आजीसोबतचा अर्धा दिवस ठेवा. मेलेलं माणूस परत येत नाही आणि प्रत्येकाला कधीतरी मरण येतं, ही समज साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पक्की होऊ लागते. त्याआधीचं मूल "मग बाबा कधी येणार?" हे पुन्हा पुन्हा विचारतं, आणि त्याचं उत्तर द्यायला घरचं माणूस जवळ लागतं.

मृत्यूला तीन-चार महिनेही झाले नसतील तर थांबा. त्या काळात घरच अजून सावरलेलं नसतं, कागदपत्रांची धावपळ चालू असते, आणि मूल आईला सोडून राहायला घाबरतं.

तारीख ठरवताना शाळेच्या सुट्टीबरोबर प्रत्येक मुलाच्या घरचं वर्षश्राद्ध किंवा पुण्यतिथी, आणि गेलेल्या व्यक्तीचा वाढदिवस पाहा. दिवाळीच्या सुट्टीत घ्यायचं असेल तर भाऊबीज झाल्यावर घ्या. पहिल्या वर्षी घरात सण नसतो, फराळ नातेवाईक आणून देतात, शेजारी फटाके वाजत असतात. ते सगळं सोसून आलेल्या मुलाकडे सांगायला बरंच काही असतं.

सावध: फलकावर, पत्रकावर, टी-शर्टवर 'आत्महत्याग्रस्त', 'अनाथ', 'निराधार' असं काहीही छापू नका. शिबिराला साधं नाव द्या. तो टी-शर्ट मूल पुढे गावात घालणार आहे.

## टप्पा २: घरभेट आणि 'मुलाला काय सांगितलंय?'

सगळ्या तयारीत जास्तीत जास्त वेळ इथे घाला. प्रत्येक घरी शिबिराच्या किमान तीन आठवडे आधी जा. फोनवर भागवू नका. अर्जात नाव, वय, आजार, औषधं हे असतंच. त्यात हे प्रश्न हवेतच:

- कोण वारलं, केव्हा, कशाने?
- हे मुलाला कोणत्या शब्दांत सांगितलं आहे?
- मृत्यू मुलाने पाहिला का? अंत्यविधीला मूल होतं का?
- कशाची भीती वाटते: आग, पाणी, अंधार, रुग्णवाहिकेचा आवाज, दवाखाना?
- रात्री झोपेत ओरडतं का, अंथरूण ओलं करतं का?

यातला दुसरा प्रश्न अर्ध्याहून अधिक काम करतो. घरोघरी "बाबा कामाला गेलेत", "देवाघरी गेली", "हार्ट अटॅक आला" असं सांगितलेलं असतं. समजा एका मुलाला अटॅक सांगितलाय आणि वडिलांनी प्रत्यक्षात आत्महत्या केली आहे. त्याच तालुक्यातलं दुसरं मूल शिबिरात असेल, तर पहिल्याच दिवशी पाण्याच्या टाकीपाशी त्याला खरं कळेल, तेही टोमण्यासारखं. म्हणून खरं आधी घरात सांगितलं गेलं पाहिजे, आणि ते आईने किंवा आजी-आजोबांनीच सांगायचं. तुम्ही शेजारी बसा, शब्द शोधायला मदत करा, पण तुमच्या तोंडून ते जाऊ देऊ नका.

शब्द साधे असू द्यात. दहा वर्षांच्या मुलाला असं सांगता येतं: "बाबांच्या मनाला खूप त्रास होत होता. तो इतका वाढला की त्यांना मदत मागायचं सुचलं नाही. त्यांनी स्वतःचा जीव घेतला. यात तुझी काहीही चूक नव्हती. तुला कधीही, काहीही विचारायचं असेल तर मला विचार." कसा जीव घेतला याचा तपशील देऊ नका. "कर्जामुळे" असं एकच कारणही सांगू नका. उद्या घरात पुन्हा कर्ज झालं की मूल आईकडे बघून घाबरतं.

तपासून पाहा: घरचे खरं सांगायला तयार नसतील तर त्या मुलाला या शिबिराला घेऊ नका. घरभेटी चालू ठेवा, पुढच्या शिबिराला बोलवा. हे कठोर वाटेल, पण अर्धवट माहिती असलेलं मूल गटात बसवणं जास्त धोक्याचं आहे.

आणि एक. मुलाला स्वतःला यायचंय का, हे आईच्या माघारी विचारा. आईला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणणारी मुलं पुष्कळ असतात.

## टप्पा ३: ताई-दादा निवडणं आणि तयार करणं

जवळचं माणूस गमावलेल्या मुलांसाठी अमेरिकेत चालणाऱ्या कम्फर्ट झोन कॅम्पमध्ये प्रत्येक मुलामागे एक मोठा साथीदार असतो. आपल्याकडे तेवढी माणसं मिळणं अवघड. तीन मुलांमागे एक ताई किंवा दादा हे प्रमाण मात्र खाली येऊ देऊ नका. याशिवाय एक समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ पूर्ण वेळ मुक्कामी हवा. "फोनवर आहेत" हे चालणार नाही.

स्वतःच्या घरात गेल्या वर्षभरात मृत्यू झालाय अशा कार्यकर्त्याला या वेळी स्वयंपाकघर किंवा नोंदणी द्या, गट देऊ नका. लहानपणी आई-वडील गमावलेला, आता सावरलेला दादा मात्र फार उपयोगी पडतो. त्याने आपली कहाणी सांगत बसू नये. विचारलं तर "हो, माझे बाबा मी आठवीत असताना गेले" एवढं बोलून पुन्हा मुलाचं ऐकावं.

सगळ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. मुली-मुलांच्या खोल्या वेगळ्या, मुलींकडे रात्री दोन ताई. कोणताही मोठा माणूस एका मुलासोबत बंद दाराआड नको. खासगी बोलायचं तर बाकीच्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी, व्हरांड्यात किंवा झाडाखाली. मूल सुरक्षित वाटल्यावर लैंगिक अत्याचाराबद्दलही सांगू शकतं. तेव्हा गुप्ततेचं वचन देऊ नका. पोक्सो कायदा २०१२ नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कुणाकडे कळवायचं, त्या पोलीस ठाण्याचा नंबर आधीच लिहून ठेवा. चाइल्डलाइन १०९८ आणि आपत्कालीन ११२ प्रत्येकाच्या गळ्यातल्या ओळखपत्रामागे छापा.

प्रशिक्षणाला दोन दिवस लागतात. त्यातला एक पूर्ण दिवस फक्त 'काय बोलू नये' यावर जातो, कारण ही वाक्यं आपल्या तोंडात बसलेली आहेत:

- "रडू नकोस, बाबांना वरून बघून वाईट वाटेल."
- "आता तूच घरातला कर्ता पुरुष."
- "देवाला चांगली माणसं लवकर आवडतात." (मग मी चांगला वागलो तर?)
- "तुझं तरी बरं, आई आहे. त्याचे दोघंही गेले."

त्याऐवजी जवळ बसायचं, मूल बोललं तर त्याचंच वाक्य हळू आवाजात परत म्हणायचं, आणि गप्प राहायचं. दोघादोघांच्या जोड्या करून हे गप्प राहणं घड्याळ लावून करून घ्या. दोन मिनिटंसुद्धा सुरुवातीला कुणाला जमत नाहीत.

## टप्पा ४: जागा, सामान, पहिली दुपार

नदी-तलावाकाठची जागा टाळा. रात्रभर दिवा चालू राहील अशी खोली बघा, इन्व्हर्टर आहे का ते विचारा. प्रत्येक खोलीत दोन-तीन जास्तीच्या सतरंज्या आणि चादरी कोपऱ्यात घडी घालून ठेवा. अंथरूण ओलं झालं तर ताईने बाकीचे उठण्याआधी, एक शब्द न बोलता बदलायचं.

मुलांना घरून एक वस्तू आणि एक फोटो आणायला सांगा. फोटोची प्रतच आणायची, मूळ फोटो नाही. वस्तूही हरवली तर चालेल अशी. पुष्कळ घरांत वडिलांचा एकुलता एक फोटो लग्नाचा असतो. तो शिबिरात भिजला तर भरून निघत नाही.

पहिल्या दिवशी पालकांनी मुलाला स्वतः आणून सोडावं आणि दुपारच्या जेवणापर्यंत थांबावं. नोंदणीनंतर लगेच खेळ: लंगडी, रुमालपाणी, नावं लक्षात ठेवण्याचे खेळ. डोळे बांधायचे खेळ नकोत.

पालक त्याच वेळी दुसऱ्या खोलीत. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या डगी सेंटरमध्ये, म्हणजे अशाच मुलांसाठीच्या केंद्रात, मुलांचा आणि मोठ्यांचा गट एकाच वेळी चालतो. ती रीत उचलण्यासारखी आहे. या खोलीत बहुतेक विधवा आया आणि म्हाताऱ्या आज्या असतात. त्यांना एवढंच नीट सांगा: मूल तुमच्यासमोर रडत नाही, कारण तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून ते स्वतःला आवरतं. तुम्ही त्याच्यासमोर कधी रडलात तर बिघडत नाही, फक्त रडून झाल्यावर "मला बाबांची आठवण आली, आता मी ठीक आहे, चहा करते" हे बोला. मुलाला रडण्यापेक्षा न सांगितलेलं रडणं घाबरवतं.

बालसंगोपन योजना, शाळेची फी, वारस नोंदी यांचे अर्ज भरायचे असतील तर ते याच वेळी, या खोलीत, एका टेबलावर. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि कित्येक पात्र घरांना ती माहीतच नसते. ही मदत जरूर करा. मुलांच्या डोळ्यांदेखत करू नका.

सावध: मंचावर बोलावून दप्तर-वह्या देणं, पाहुण्यांसोबत फोटो, वर्तमानपत्रात नावानिशी बातमी, हे काहीही नको. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. देणगीदाराला शिबिर पाहायचं असेल तर ते रिकामं असताना दाखवा.

## टप्पा ५: पहिली संध्याकाळ, उघड बोलणं

सूर्य मावळायच्या आत मोठा गोल करा. मुख्य ताईने सरळ सांगायचं: "इथे आलेल्या प्रत्येकाच्या घरातलं एक जवळचं माणूस वारलं आहे. म्हणून आपण इथे आलोय. आपण खूप खेळणार आहोत. त्यांच्याबद्दल बोलणारही आहोत. ज्याला बोलायचं नाही त्याने 'पुढे' म्हणायचं, कुणी कारण विचारणार नाही."

मग प्रत्येकाने आपलं नाव आणि कोण गेलं एवढंच सांगायचं. "माझं नाव अमुक, माझे बाबा वारले." पहिली तीन-चार मुलं कुजबुजतात. नंतर आवाज मोठा होतो. आपल्या वर्गात आपण एकटेच असे, हा समज त्या गोलात मोडतो, आणि त्यासाठी भाषणाची गरज पडत नाही. 'पुढे' म्हणणाऱ्या मुलाकडे थांबून बघू नका, लगेच पुढच्याकडे वळा.

हे दुसऱ्या दिवसावर ढकलण्याची चूक वारंवार होते. "आधी रुळू देत" असं वाटतं. पण मूल पहिली रात्र 'या सगळ्यांना माहीत आहे का?' याच विचारात काढतं.

अंधार पडल्यावर मृत्यूचा विषय बंद. जेवण, गाणी, विनोदी नाटुकली. भुताच्या गोष्टी सक्त मना. शिबिर म्हटलं की रात्री मोठी मुलं त्या सुरू करतातच. ज्याची आई मागच्या वर्षी गेली त्याच्यासाठी त्या गोष्टी राहत नाहीत. दादांनी खोलीत बसूनच राहावं.

रात्री दोनला कुणी रडत उठलं तर दिवा मोठा करा, पाणी द्या, शेजारी बसा. "घरी फोन लावूया का?" असं विचारा आणि खरंच लावा. आईला हे पालकांच्या बैठकीत आधी सांगून ठेवलेलं असावं.

## टप्पा ६: दुसरा दिवस

### सकाळ: प्रश्नपेटी

आधी तासभर धावणं, दोरीवरच्या उड्या, कबड्डी. राग अंगातून निघाला की बोलणं सोपं जातं. मग गटांत कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. नाव न लिहिता प्रश्न लिहायचा आणि पेटीत टाकायचा. सगळ्यांनी काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर फूल काढायचं, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. डॉक्टर किंवा समुपदेशक चिठ्ठ्या आधी एकट्याने वाचून घेतील, मग गटासमोर उत्तरं देतील.

प्रश्न बहुतेक असे येतात:

"जाळताना आईला दुखलं का?" उत्तर: नाही. माणूस मरतं तेव्हा शरीर पूर्ण थांबतं. दुखणं, थंडी, भूक काहीच जाणवत नाही.

"मी आदल्या दिवशी बाबांशी भांडलो होतो, म्हणून झालं का?" उत्तर: नाही. भांडणाने किंवा मनात वाईट विचार आल्याने कुणी मरत नाही. हे उत्तर दोनदा, तीनदा द्या. चिठ्ठी एकाने लिहिलेली असते, पण माना बऱ्याच खाली गेलेल्या असतात.

"आता आईलाही होईल का?" इथे "कधीच नाही" असं खोटं वचन देऊ नका. "बहुतेक माणसं म्हातारी होईपर्यंत जगतात. आई आजारी पडली तर डॉक्टरकडे जाईल. आणि आईला काही झालं तर तुझी काळजी कोण घेणार, हे आपण आईला विचारून लिहून ठेवू." मग ते खरंच आईला विचारा.

"आईच्या बांगड्या का फोडल्या?" हा प्रश्न अनपेक्षित वाटेल, पण चित्रांतही तो दिसतो: फुटलेल्या काचा, पुसलेलं कुंकू. काही मुलांच्या मनात अंत्ययात्रेपेक्षा ते दृश्य जास्त रुतलेलं असतं. उत्तर द्या की ही माणसांनी पाडलेली प्रथा आहे, आईने काही चूक केली म्हणून ती शिक्षा नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून या प्रथा बंद केल्या, हेही सांगा. मोठी मुलं हे लक्ष देऊन ऐकतात.

### दुपार: आठवणींची पेटी

बुटांचे रिकामे खोके, रंग, गोंद, चिंध्या, मणी. मूल खोका सजवतं आणि आणलेली वस्तू, फोटो, चिठ्ठी आत ठेवतं. वस्तू अगदी साध्या असतात. शर्टाचं बटण, चष्म्याची काडी, साडीचा काठ, वडिलांच्या अक्षरातला किराणा हिशेब. फोटो नसेल तर चित्र चालतं.

इथली मोठी चूक म्हणजे फक्त चांगल्याच आठवणी मागणं. वडील दारू प्यायचे, मारायचे, अशी मुलंही गटात असतात आणि ती गप्प होतात. सूचनाच अशी द्या: "त्यांची एक आवडणारी आणि एक न आवडणारी गोष्ट लिहा. एकच सुचली तरी चालेल." "मारायचे, पण बाजारातून जिलेबी आणायचे" असं लिहिणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच दोन्ही एकत्र बोलायची परवानगी मिळालेली असते.

### संध्याकाळी सहा: दिवे

स्मरणाचा कार्यक्रम असला तर तो इथेच. शेवटच्या रात्री उशिरा नाही, तिसऱ्या दिवशी मुळीच नाही. अर्धा तास पुरे. प्रत्येकाने एक दिवा लावून हवं तर नाव घ्यायचं. भाषण, पार्श्वसंगीत, आईवरच्या कविता नकोत. रडू आणायची काही गरज नाही, ते येतं तेव्हा येतं.

अर्ज पुन्हा वाचा. भाजल्याने मृत्यू झालेल्या घरातलं मूल असेल तर सगळ्यांनाच सेलवरचे दिवे द्या, एकट्याला वेगळा नको. प्रार्थना कुठल्याच एका धर्माची ठेवू नका.

दिवे संपताच जेवण आणि खेळ. पाच मिनिटांपूर्वी रडणारं मूल कबड्डीत ओरडायला लागलं की नवे कार्यकर्ते दचकतात, कुणी "आत्ता तर रडत होतास!" असंही बोलून जातं. मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्यांनी येतं. मध्ये खेळ असला म्हणून ते खोटं नसतं.

तपासून पाहा: झोपायच्या आधी ताई-दादांची पंधरा मिनिटांची बैठक. आज कोण अजिबात बोललं नाही, कोण जेवलं नाही, कोण फार हसत होतं?

## टप्पा ७: तिसरा दिवस फक्त परतीचा

आज नवी जखम उघडायची नाही. सकाळी छोटी नाटुकली करून घ्या: नवे बाई विचारतात, "बाबा काय करतात?" वर्गातला मुलगा चिडवतो. पालकसभेची चिठ्ठी येते. प्रत्येकाने आपलं वाक्य शोधायचं आणि मोठ्याने म्हणून बघायचं. "माझे बाबा वारले. मला आत्ता त्याबद्दल बोलायचं नाही." एवढं वाक्य तयार असलं तरी शाळेत जायची धास्ती बरीच उतरते.

मग हाताचा पंजा कागदावर काढून पाच बोटांवर पाच माणसं: घरातलं, शेजारचं, शाळेतलं, मित्र, शिबिरातलं. एखादं बोट रिकामं राहिलं तर ताईने ते टिपून ठेवायचं, पुढचं काम तिथूनच सुरू होतं.

दुपारी पालक आले की पेटी दाखवायची की नाही हे मूल ठरवेल. पालकांनी "काय काय बोललास?" असं खोदून विचारू नये, हे त्यांना दारातच सांगा.

## टप्पा ८: नंतरचे सहा महिने

पाठपुराव्याला माणसं नसतील तर शिबिर घेऊ नका. सात दिवसांत फोन, महिन्याभरात घरभेट, तीन महिन्यांनी अर्ध्या दिवसाचं पुन्हा भेटणं. पहिल्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात एक फोन जरूर करा. मुख्याध्यापकांना किंवा वर्गशिक्षकांना, आईच्या परवानगीने, भेटून या.

"मला बाबांकडे जायचंय" असं मूल म्हणालं तर ते आठवणीपोटी आहे की मरायचा विचार आहे, हे शांतपणे थेट विचारा: "तुला मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उत्तर हो आलं तर मुलाला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि औषधं कुलपात ठेवायला लावा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

असं काही नसलं तरी मृत्यूला सहा महिने उलटून गेल्यावर मूल जवळजवळ रोज त्याच दुःखात बुडालेलं असेल, शाळा सुटली असेल, मित्र तुटले असतील, तर तेही तज्ज्ञाकडे पाठवा. लांबलेल्या शोकाच्या विकाराचं निदान करताना डीएसएम या मानसिक आजारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी किमान १२ महिने आणि मुलांसाठी किमान ६ महिने धरले आहेत, म्हणजे मुलांच्या बाबतीत वर्षभर वाट बघत बसायचं नाही.

पुढच्या शिबिराची यादी करताना आधी आलेल्या मोठ्या मुलांपैकी कुणी मदतनीस म्हणून येतं का ते विचारा. पहिल्यांदा त्यांना खेळाचं साहित्य आणि पाण्याची व्यवस्था द्या, गट देऊ नका, आणि त्यांच्यासाठीही एक दादा नेमून ठेवा.